आचार्य विनोबा भावे : आपल्या शेजारचा शांतिसेवक

धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा प्रसंग म्हणजे मागें वळून पाहण्याचा प्रसंग होय. आपल्या प्रार्थनामंदिराचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा व धर्मभगिनींचा वृत्तांत ह्या स्मरणिकेंत इतरत्र आलेलाच आहे. तो वाचून वाचकांच्या अंतःकरणांत कृतज्ञता उत्पन्न होईल ह्यांत संशय नाहीं. परंतु ज्या भूमीवर आपलें मंदिर उभें आहे, त्या भूमीनें ख्रिस्तसभेबाहेरहि थोर पुरुष निर्माण केले. त्यांचें स्मरण करणें हेंहि कृतज्ञतेचेंच कृत्य आहे. खोपोलीहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्यानें आपल्यापैकीं पुष्कळजण कितीदां तरी गेले असतील. खालापूर तालुक्याची हद्द ओलांडून पेण तालुक्यांत शिरल्यावर त्या बाजूस गागोदें नांवाचें लहानसें गांव आहे. ह्या गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं आचार्य विनोबा भावे ह्यांचा जन्म झाला.

विनोबांचें नांव भूदानाच्या निमित्तानें सर्वांस ठाऊक असतें. येथें त्यांचें चरित्र एका विशेष दृष्टीनें सांगावयाचें आहे. विद्या, स्मृति आणि विज्ञान ह्या तीन गोष्टी मनुष्यांस एकत्र आणतात, तशाच त्या त्यांना परस्परांविरुद्ध उठवितातहि. शाळेंत द्वेष शिकवितां येतो. पूर्वजांच्या आठवणीनें सूड जागवितां येतो. आणि विज्ञानानें तर एका क्षणांत नगर भस्म करतां येतें. ह्याच तीन गोष्टी शांतीच्या सेवेस कशा लावाव्या, हें ज्या पुरुषानें बोलून नव्हे तर वागून दाखविलें, त्याचें हें अल्प चरित्र आहे.

विनोबांचें मूळ नांव विनायक नरहरि भावे. बालपणाचीं पहिलीं नऊ-दहा वर्षें त्यांनीं गागोद्यास घालविलीं. आजोबा शंभुराव हे व्रतस्थ उपासक होते; तथापि त्यांच्या भक्तीनें परक्याला दार बंद केलें नव्हतें. देवळांत भजन गाण्यासाठीं त्यांनीं एका मुसलमान गायकास बोलाविलें होतें. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. घरांत एक अंध वृद्धहि राहत असत. मुलें त्यांना आपले काकाच समजत. ते वारले तेव्हां घरांत सुतक पाळलें गेलें नाहीं. विनायकानें आईस कारण विचारलें, आणि हे गृहस्थ नात्याचे नव्हते, केवळ निराश्रित म्हणून त्यांना घरांत ठेवून घेतलें होतें, हें त्यास प्रथमच कळलें. दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त त्या घरांत कोणी वाचला असेल-नसेल. तो पाळला मात्र जात होता.

आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती. झाडावरील फणस पिकला म्हणजे ती पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरोघर पोहोंचविण्यास मुलांना पाठवीत असे. घरच्यांच्या वांट्यास फणस त्यानंतर येई. द्यावें तें आधीं द्यावें, उरलें तर द्यावें असें नव्हे, हा धडा विनोबांनीं ह्या फणसापाशीं घेतला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यांचा पिंड शास्त्रज्ञाचा. रसायनशास्त्राची त्यांना आवड होती, आणि कापड रंगविण्याच्या रंगांवर ते घरीं प्रयोग करीत. अशा रीतीनें आईकडून भक्ति आणि वडिलांकडून प्रयोगबुद्धि असा दुहेरी वारसा ह्या मुलास लाभला. त्याच्या पुढील आयुष्यांत ह्या दोहोंचें कधीं भांडण झालें नाहीं.

बडोद्यास विनायकाचें शिक्षण चालूं असतां त्याचें मन मात्र काशी, हिमालय व बंगाल ह्यांच्याकडे ओढ घेत होतें. पुढें मोह राहूं नये म्हणून त्यानें आपलीं प्रशस्तिपत्रें आईच्या देखत चुलींत घातलीं. मार्च १९१६ मध्यें इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस गाडींतून उतरला आणि काशीस गेला. बनारस हिंदु विश्वविद्यालयांतील महात्मा गांधींच्या भाषणाची वार्ता तेथें त्याच्या कानीं आली. त्यानें पत्रव्यवहार केला, आणि ७ जून १९१६ रोजीं अहमदाबादेजवळील कोचरबच्या आश्रमांत तो गांधींस भेटला. हिमालयांतील शांति व बंगालमधील क्रांति ह्या दोन्ही गोष्टी शोधावयास निघालेल्या तरुणास त्या एकाच पुरुषाच्या ठायीं सांपडल्या. १९२१ सालीं गांधींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्यास गेले आणि तीच त्यांची कर्मभूमि झाली.

ज्यानें प्रशस्तिपत्रें जाळलीं तो विद्येचा शत्रु होता, असें मात्र कोणीं समजूं नये. जी विद्या केवळ पगार मिळवून देते आणि हातांना कामाची लाज शिकविते, ती त्यांना नको होती. सूत कातणारानें कातण्याबरोबर गणितहि शिकावें आणि पंडितानें ग्रंथाबरोबर कुदळहि हातीं धरावी, असा त्यांचा आग्रह असे. १९३७ सालीं वर्धा येथें गांधींनीं ज्या नयी तालीमेचा पाया घातला, तिच्यामागें हीच दृष्टि होती. मजूर सूत कातून किती मिळवितो हें पाहण्यासाठीं विनोबा स्वतः दिवसभर कातूं लागले आणि त्या मजुरींतच निर्वाह करूं लागले. तेवढ्यांत माणसाचें पोट भरत नाहीं हें त्यांनीं अनुभवानें सिद्ध केलें. दारिद्र्यावर व्याख्यान देणारे पुष्कळ असतात; तें स्वतःच्या देहावर मोजून पाहणारा विरळा.

त्यांच्या विद्येचें दुसरें अंग भाषांचें. तुरुंगवास हा त्यांनीं पाठशाळेसारखा वापरला. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत दर रविवारीं त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, आणि साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. पुढील तुरुंगवासांत त्यांनीं दक्षिणेच्या भाषांचा अभ्यास केला. कुराण समजावें म्हणून ते अरबी शिकले. बायबलचेंहि त्यांनीं वर्षानुवर्षें परिशीलन केलें. ह्या अभ्यासांतून त्यांचे कुराण-सार व ख्रिस्तधर्म-सार हे संग्रह निर्माण झाले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला येशूसंघी धर्मगुरु आपल्या देशांत येऊन मराठी शिकला आणि १६१६ सालीं त्यानें राचोल येथें ख्रिस्तपुराण छापविलें, हें आपण अभिमानानें सांगतों. शेजाऱ्याचे शब्द शिकणें हा त्याच्यावर प्रेम करण्याचा पहिला मार्ग आहे, हें जसें त्या धर्मगुरूनें ओळखिलें, तसेंच ह्या ब्रह्मचाऱ्यानेंहि ओळखिलें. दुसऱ्याचा धर्मग्रंथ ज्यानें आदरानें वाचला, त्याला त्या धर्माच्या मनुष्याविरुद्ध भडकविणें सोपें नसतें.

आतां स्मृतीविषयीं. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत विनोबांची आई वारली. संस्कृत गीता आपल्यास कळत नाहीं, ती सोप्या मराठींत असावी, अशी इच्छा तिनें मुलाजवळ बोलून दाखविली होती. ती इच्छा विनोबांच्या मनांत अनेक वर्षें राहिली. १९३० सालच्या अखेरीस त्यांनीं लेखणी घेतली आणि पुढील वर्षाच्या आरंभीं गीताई पूर्ण केली. मृत मातेसाठीं शोक करीत न बसतां तिचें मागणें पुरें करावें, आणि तें करतांना तिच्यासारख्या सहस्रावधि अल्पशिक्षित बायांच्या हातीं तें पुस्तक पडावें, अशी ही स्मृति होती.

ह्याहून कठीण प्रसंग ३० जानेवारी १९४८ रोजीं आला. गांधींचा खून झाला. ज्याच्या नांवानें लोक रडत होते, त्याच्याच नांवानें महाराष्ट्रांत कित्येक निरपराध कुटुंबांचीं घरें जाळलीं गेलीं. स्मृति सुडाच्या हातीं गेली म्हणजे ती मृताचाहि अपमान करते, ह्याचें ह्याहून दारुण उदाहरण सांपडणार नाहीं. विनोबांनीं गुरूच्या स्मरणास निराळें वळण दिलें. गांधींच्या रक्षेचा कांहीं भाग १२ फेब्रुवारीस पवनार येथें धाम नदींत विसर्जित झाला होता. दरवर्षीं त्या दिवशीं प्रत्येकानें स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करावी, अशी प्रथा त्यांनीं सुरू केली. पुतळ्यास पैसा लागतो आणि घोषणेस नुसता कंठ पुरतो. सुताच्या गुंडीस मात्र आपल्या आयुष्यांतील कांहीं तास द्यावे लागतात. फाळणीमुळें उध्वस्त झालेल्या निर्वासितांच्या आणि दिल्लीच्या आसपासच्या मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाचें कामहि त्यांनीं त्याच वर्षीं अंगावर घेतलें.

१९५१ च्या वसंतांत ते पायीं तेलंगणांत गेले. तेथें जमिनीच्या प्रश्नावरून रक्तपात चालला होता. दिवसा सरकारचे शिपाई आणि रात्रीं सशस्त्र बंडखोर, ह्यांच्यामध्यें गरीब रयत भरडली जात होती. १८ एप्रिल १९५१ रोजीं पोचमपल्ली गांवीं हरिजनांनीं त्यांच्याजवळ जमीन मागितली. चाळीस कुटुंबांसाठीं ऐंशीं एकर पुरे, असें त्यांचें म्हणणें होतें. सरकारकडे अर्ज करण्याचा विचार मनांत असतांच विनोबांनीं जमलेल्या गांवकऱ्यांस विचारलें कीं, तुमच्यापैकीं कोणी देऊं शकेल काय? रामचंद्र रेड्डी नांवाचे गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनीं शंभर एकर देऊं केले. त्या रात्रीं विनोबांस झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ते गांवोगांव मागत निघाले, आणि हें चालणें तेरा वर्षें चाललें.

ह्या यात्रेंत त्यांची परीक्षा देवळांच्या दारांशीं झाली. सप्टेंबर १९५३ मध्यें बिहारांतील वैद्यनाथधाम येथें हरिजनांसह मंदिराकडे जात असतां त्यांस मारहाण झाली. त्या माराने त्यांच्या एका कानाची श्रवणशक्ति गेली. मारणारांस शिक्षा होऊं नये, असें त्यांनीं जाहीर केलें. १९५५ सालीं जगन्नाथपुरीस त्यांच्यासमवेत एक फ्रेंच भगिनी होती. तिला प्रवेश नाकारला गेला, तेव्हां ते स्वतःहि दर्शन न घेतां परतले. १९५७ सालीं केरळांतील गुरुवायूरच्या मंदिराशीं ख्रिस्ती सोबत्यांच्या कारणानें तसेंच घडलें. मग मे १९५८ मध्यें ते पंढरपुरास आले. तेथील विठ्ठलमंदिर त्यांच्यासाठीं व त्यांच्या सर्व सोबत्यांसाठीं उघडलें गेलें. एका मुसलमान व एका ख्रिस्ती भगिनीसह ते पांडुरंगापुढें उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. आम्हां ख्रिस्ती लोकांस ह्या प्रसंगाचें विशेष महत्त्व वाटलें पाहिजे. ज्या देवाच्या दर्शनासाठीं शेंकडों कोस चालत जावें, त्याच्या उंबऱ्यावरून आपल्या सोबतिणीसाठीं परत फिरणें सोपें नाहीं. आपल्या सोबत्यास सोडून मिळणारा मान त्यांनीं घेतला नाहीं. आपण आपल्या उत्सवांत, आपल्या पंगतींत, आपल्या शाळेंत कोणासाठीं असे थांबतों, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा.

१९५७ सालीं केरळांत त्यांनीं शांतिसेना स्थापन केली. दंगलीच्या ठिकाणीं निःशस्त्र जाऊन उभें राहावयाचें, प्रसंगीं प्राण द्यावयाचे, आणि एरवीं गांवांत सेवा करावयाची, असें ह्या सैनिकाचें काम होतें. मे १९६० मध्यें चंबळच्या खोऱ्यांत वीस दरोडेखोरांनीं त्यांच्यापुढें शस्त्रें ठेविलीं.

विज्ञानाविषयीं विनोबांचे विचार पुष्कळांस चकित करतात. चरखा चालविणारा हा पुरुष विज्ञानविरोधी असेल असें वाटतें. पण वस्तुस्थिति उलट आहे. १९४५ सालीं हिरोशिमा व नागासाकी येथें अणुबाँब पडले तेव्हां जगांतील कित्येक साधुजनांनीं विज्ञानासच दोष दिला. विनोबांनीं तसें केलें नाहीं. विज्ञान गति देतें, दिशा दाखविणें हें आत्मज्ञानाचें काम आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. विज्ञानानें राष्ट्रें इतकीं जवळ आणलीं आहेत कीं, आतां एकाचा नाश दुसऱ्यास टाळून होणार नाहीं. म्हणून संकुचित राजकारण व पंथांचीं भांडणें ह्यांचे दिवस संपले, आणि विज्ञान व अध्यात्म ह्यांची जोडीच मनुष्यजातीस तारील, असें ते निरंतर सांगत.

आपल्या भागांतील एक दाखला देतों. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस पूर्वीं घाटांतून बेफाम कोसळत असे. टाटांनीं लोणावळ्याकडे तलाव बांधून तें पाणी मोठ्या नळांतून खोपोलीस उतरविलें आणि १९१५ सालापासून त्यापासून वीज निर्माण होऊं लागली. पाणी तेंच, डोंगराचा उतारहि तोच. त्यास योग्य वाट मिळाली एवढाच फरक. विज्ञानाची शक्ति ह्या पाण्यासारखी आहे. तिला बांध पाहिजे आणि वाटहि पाहिजे.

ह्याच विचाराच्या प्रेरणेनें १९६२ सालीं सतीश कुमार व मेनन हे दोन तरुण दिल्लींतील गांधीसमाधीपासून अणुशक्तिधारी राष्ट्रांच्या राजधान्यांकडे पायीं निघाले. विनोबांनीं त्यांस आशीर्वाद दिला आणि जवळ पैसा न बाळगण्याची अट घातली. कारण पैसा असला म्हणजे मनुष्य खाणावळींत उतरतो, नसला म्हणजे त्यास परक्याच्या दारीं जाऊन ओळख करून घ्यावी लागते. ते मास्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत पोहोंचले. ते वाटेंत असतांच, ११ एप्रिल १९६३ रोजीं, पोप तेविसावे योहान ह्यांनीं पृथ्वीवरील शांतीविषयींचें आपलें परिपत्रक प्रसिद्ध केलें. तें केवळ कॅथोलिकांस नव्हे, तर सद्भाव बाळगणाऱ्या सर्व मनुष्यांस उद्देशून होतें, आणि शस्त्रास्त्रांची स्पर्धा थांबविण्याची त्यांत विनवणी होती. रोम आणि पवनार ह्यांच्यामधील अंतर त्या वर्षीं फार थोडें होतें.

चरित्र लिहावयाचें म्हणजे उणीवहि लपवूं नये. भूदानांत चाळीस लाखांहून अधिक एकर जमिनीचीं दानपत्रें झालीं. परंतु पांच कोटी एकरांचा संकल्प सिद्धीस गेला नाहीं. मिळालेल्या जमिनींपैकीं पुष्कळ नापीक अथवा वादग्रस्त निघाली, आणि बरीचशी भूमिहीनांच्या हातीं कधींच पडली नाहीं. १९७५ सालच्या आणीबाणींत विनोबांनीं घेतलेली भूमिका त्यांच्या अनेक सहकाऱ्यांस खेदकारक वाटली. जयप्रकाश नारायण ह्यांच्याशीं त्यांचा मार्ग त्यापूर्वींच निराळा झाला होता. नोव्हेंबर १९८२ मध्यें आजारी असतां त्यांनीं अन्न व औषध वर्ज्य केलें आणि १५ तारखेस, दिवाळींत, पवनार येथें देह ठेविला. जीवन हें परमेश्वराचें देणें आहे आणि त्याचा शेवट त्याच्याच हातीं सोंपवावा, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणून ह्या बाबतींत आम्ही त्यांचें अनुकरण सांगणार नाहीं. सर्व धर्मांचें सार एकच, हें त्यांचें मतहि जसेंच्या तसें आम्हांस मान्य करतां येत नाहीं. प्रभु येशू ख्रिस्त हाच जगाचा तारणारा, ही आपली श्रद्धा आहे. परंतु इतर धर्मांत जें जें सत्य व पवित्र आहे तें ख्रिस्तसभा त्याज्य मानीत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं घोषित केलें आहे. मतभेद स्पष्ट ठेवून आदर करतां येतो.

शेवटीं ज्युबिली ह्या शब्दाकडे वळूं. आज ह्या शब्दानें मंडप, रोषणाई व स्मरणिका डोळ्यांपुढें येतात. परंतु जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांत ज्युबिलीचा अर्थ निराळा आहे. दर पन्नासाव्या वर्षीं रणशिंग वाजवावें, दास मुक्त करावे, आणि गरिबीमुळें ज्याची जमीन गेली असेल त्याची ती त्यास परत मिळावी, अशी परमेश्वराची आज्ञा होती. कारण भूमि त्याची आहे, आपण तिच्यावरील पाहुणे आहों. विनोबा आयुष्यभर पायीं हिंडून जें मागत होते, तें हेंच नव्हे काय?

कर्जत-खालापूरच्या भूमीस आज मोठा भाव आला आहे. गुंठ्या-गुंठ्यासाठीं सख्खे भाऊ कोर्टांत उभे राहतात, आणि एकाच वेदीपुढें गुडघे टेकूनहि एकमेकांशीं बोलत नाहींत. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या ह्या डोंगरांत राहिलेल्या कित्येक कातकरी कुटुंबांच्या पायांखालची जागा त्यांच्या नांवावर नाहीं; पावसाळा सरला म्हणजे तीं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा तुटते. अशा वेळीं महोत्सवाच्या मिस्साबलिदानास येण्यापूर्वीं ज्याचें भावाशीं वैर असेल त्यानें तें मिटवावें, ही प्रभूचीच आज्ञा आहे. ज्याला शिकवितां येतें त्यानें एका कातकरी मुलाचें वर्ष वाया जाऊं देऊं नये. ज्याच्याजवळ जमीन आहे त्यानें गागोद्याच्या त्या आईप्रमाणें पहिला गरा कोणाच्या घरीं पाठवावयाचा, ह्याचा विचार करावा. असें झालें तर आपली ज्युबिली शास्त्रवचनाप्रमाणें साजरी होईल, आणि शेजारच्या गांवांत जन्मलेल्या ह्या पुरुषाचें ऋण अंशतः तरी फिटेल. शांतीचा राजा प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस ती बुद्धि देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.